चिपच्या सबसिडीतलं आपल्या वाट्याला काय येतंय आणि ते कसं मागायचं

"दादा, चिपच्या कारखान्याला सरकार निम्मा खर्च द्यायलंय म्हणे, आपली मिरजेजवळ चार एकर पडीकच आहे, टाकूया का फाइल?" असा फोन मला महिन्यातनं एकदा तरी येतोच. फोन करणारा कधी हळदीचा व्यापारी असतो, कधी तासगावकडचा द्राक्षवाला, कधी नुकताच बीई झालेला भाचा. मी काय चिपवाला नाही. कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि वडलांच्या वेळचं एक लेथ, पंपाचे पार्ट करतो. पण सबसिडीच्या दोन फाइली मी स्वतः फिरवल्यात, एकीत पैसे आले, एकीत गेले, आणि एका पाहुण्याच्या नादाने या चिपच्या योजनांचे कागद पण बसून वाचलेत. तर प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी ते "निम्मा खर्च" काय प्रकरण आहे ते बघू. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींचा कार्यक्रम मंजूर केला, इंडिया सेमीकंडक्टर मिशन म्हणतात तो हाच. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम बदलून सगळ्यांना सरसकट ५० टक्के केलं, म्हणजे चिप जुन्या पद्धतीची असो नायतर एकदम बारीक, प्रकल्प मंजूर झाला की निम्मा खर्च केंद्राचा. आणि हे पैसे कारखाना उभा राहिल्यावर मागनं येत नाहीत, कंपनी जसजसे घालेल तसतसे सरकारचे पण बरोबरीने पडतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्यासारख्यांच्या योजनेत याच्या बरोब्बर उलटं असतं, ते पुढं सांगतो. वर राज्य सरकार आणखी घालतं. गुजरातमध्ये सानंदला मायक्रॉन या अमेरिकन कंपनीचा प्रकल्प जून २०२३ मध्ये मंजूर झाला, २२,५१६ कोटींचा, त्यात केंद्राचे ५० टक्के, गुजरातचे २० टक्के, कंपनीचे राहिले ३०. तीस रुपयात शंभराचा कारखाना! हे ऐकलं की आमच्या हळदवाल्याचे डोळे चमकतात.

पण दार किती उंच आहे ते बघा की. चिपचं नुसतं पॅकिंग आणि टेस्टिंग करायचं म्हटलं, म्हणजे दुसरीकडून आलेली वेफर (चिपा छापलेली सिलिकॉनची चकती) कापून, तार जोडून, काळ्या डबीत बंद करून तपासायची, तरी किमान ५० कोटींची गुंतवणूक दाखवावी लागते. सेन्सर, सिलिकॉन कार्बाइड वगैरेच्या फॅबला, म्हणजे वेफरवर चिप बनवायच्या कारखान्याला, किमान १०० कोटी. आणि खरी मोठी फॅब, म्हणजे टाटांची धोलेऱ्याची, ९१,००० कोटींची आहे, महिन्याला ५०,००० वेफरची. त्यात टाटांनासुद्धा तंत्रज्ञानासाठी तैवानची पीएसएमसी बरोबर घ्यावी लागली. टाटांची ही गत, तर आपण काय दाखवणार, सातबारा? जमीन हा या फाइलीतला सगळ्यात स्वस्त कागद आहे. तो पहिला मिळतो म्हणून आपल्याला वाटतं फाइल निम्मी झाली.

सातारकर मित्र इथं हटकून मध्ये पडतात, की आमच्याकडं कोयना आहे, वीज आहे, पाणी आहे, पुण्याला दोन तासात पोचतोय, मग फॅब का नाही. बरोबर आहे, पण कोयनेची वीज ग्रिडमध्ये जाते, शेजारी धरण आहे म्हणून तुमच्या फिडरला काय वेगळी वीज येत नाही. फॅबचं काम वेफरवर शेकडो स्टेपमध्ये चालतं, मध्येच क्षणभर झटका बसला तरी आत चालू असलेला माल भंगारात जाऊ शकतो, त्यामुळं त्यांना दोन-दोन बाजूंनी लाइन आणि वर बॅकअप लागतो. पाण्याचं पण तसंच, कृष्णेचं पाणी आहे तसं चालत नाही, त्यातलं मीठ, कण, जंतू सगळं काढून एकदम कोरं करून वापरतात. १९६७ च्या भूकंपाची भीती काहीजण घालतात, ती मला एवढी पटत नाही, जपान-तैवानला रोज हादरे बसतात आणि जगातल्या चांगल्या फॅब तिथंच आहेत, पाया तसा बांधायला लागतो एवढंच. खरं अडतंय ते वेगळीकडं. गॅस-केमिकल पुरवणारे, मशीन रिपेर करणारे, पॅकिंगवाले हे सगळं गोतावळं एका जागी गोळा झालेलं लागतं, आणि राज्याने आपल्या खिशातनं मोठी रक्कम आधी टेबलावर ठेवलेली लागते.

बातमी कशी वाचायची ते पण याच्यातच आलं, आणि वर्कशॉपवाल्याला हे अर्जापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. तळेगाव आठवतंय ना? तिथं येणार म्हणत होते तो वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला म्हणून इथं केवढा धुरळा उडाला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातनं बाहेर पडली. मग सप्टेंबर २०२४ मध्ये तळोज्याचा टॉवर-अदानी प्रकल्प राज्याच्या मंत्रिमंडळाने मंजूर केला, ८३,९४७ कोटी, पेपरला पहिल्या पानावर. पण ऑगस्ट २०२५ पर्यंत केंद्राने जे १० प्रकल्प मंजूर केले त्यात तो नाही. म्हणजे "मंजूर" या शब्दाला चार मजले आहेत. करार झाला हा तळमजला, राज्य मंजुरी पहिला, केंद्राची मंजुरी दुसरा, आणि बांधकाम होऊन मशीन आत जायला लागली की तिसरा. तळमजल्याची बातमी वाचून तिसऱ्या मजल्याचं मशीन बुक करणारे मी कुपवाडात बघितलेत. आपल्याला माल विकायचा असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाकडं जायचं, आज ते सानंदला आहेत, आसामात जागीरोडला आहेत. तिथला टाटांचा पॅकिंगचा कारखानाच २७,००० कोटींचा आहे. आणि त्यांना मशीन पुरवणारे काहीजण आपल्या पुण्यातच आहेत.

तर आपल्याला दोनच दारं उघडी आहेत, एक डिझाइनचं, दुसरं पार्ट पुरवायचं.

डिझाइनचं दार भाच्यासाठी. चिप बनवायला फॅब लागते, पण चिप डिझाइन करायला टेबल, चांगला कॉम्प्युटर, इंटरनेट आणि डोकं लागतं, हे सांगलीत विश्रामबागेत बसून पण होतं. अडतं ते सॉफ्टवेअरपाशी, त्याचं लायसन नवीन पोरांच्या आवाक्याबाहेर असतं. त्यासाठी डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह म्हणून केंद्राची योजना आहे, सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था चालवते, नवीन अर्ज सध्या घेतायत का ते मात्र आधी बघा. यात सी-डॅकच्याच चिपइन सेंटरकडनं ते सॉफ्टवेअर वापरायला मिळतं, डिझाइनच्या पात्र खर्चाचे ५० टक्के परत मिळतात, एका अर्जाला कमाल १५ कोटी, आणि चिप विकायला लागली की विक्रीवर ६ पासून ४ टक्क्यांपर्यंत पाच वर्षं इन्सेंटिव्ह, कमाल ३० कोटी. "परत मिळतात" वर बोट ठेवा, आधी खर्च आपलाच. आणि कंपनी भारतीय मालकीचीच पाहिजे, फायदा घेतल्यावर पुढं तीन वर्षं तशीच ठेवायची, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदाराला लगेच निम्म्याच्या वर हिस्सा देऊन मोकळं होता येत नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं, की पहिल्या दिवशी अर्ज टाकू नको. कॉलेजात शिकतोयस तोवर, वालचंद असो, कराडचं शासकीय असो, इस्लामपूरचं राजारामबापू असो, तुमचं कॉलेज केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात आहे का ते विचार. असेल तर सॉफ्टवेअर कॉलेजमार्फतच मिळतं आणि पोरांची डिझाइन मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनवून पण येतात. प्रोसेसर शून्यापासून करायच्या भानगडीत पडू नको, आयआयटी मद्रासचा शक्ती आहे, सी-डॅकचा वेगा आहे, त्यांच्यावर बांध. आणि आधी एफपीजीए बोर्डावर (त्यातल्या चिपची जोडणी आपल्याला हवी तशी बदलता येते) चालवून दाखव, पंपाच्या मोटरचा कंट्रोलर कर, ड्रिपचा व्हॉल्व्ह चालव, म्हणजे घेणारं गिऱ्हाईक पलूस-किर्लोस्करवाडीतच दिसेल. अर्जात "बाजारपेठ मोठी आहे" लिहिण्यापेक्षा दोन गिऱ्हाइकांची पत्रं जोडलेली बरी.

आता दुसरं दार, म्हणजे आमच्यासारख्यांचं, जे ग्रीस-कुलंटमध्ये हात घालून बसलेत. फॅबमध्ये नुसती चिप नसते, पंप असतात, चिलर, व्हॉल्व्ह, स्टेनलेसचे पाइप, सांडपाण्याचे प्लांट, ट्रॉल्या, जिग-फिक्श्चर असतात. यातला निम्मा माल करणारे हात आपल्या जिल्ह्यात आहेतच. यासाठी चिपच्या मिशनमधनं आपल्याला थेट काही मिळत नाही, पण बाजूच्या योजना आहेत.

जरा मोठी उडी मारू शकणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक्स कंपोनंट मॅन्युफॅक्चरिंग स्कीम बघावी. मार्च २०२५ ला मंजूर झाली, २२,९१९ कोटींची, अर्ज १ मे २०२५ पासून घेतले. त्यात इलेक्ट्रॉनिक्स बनवायची मशीन आणि त्या मशीनचे पार्ट करणाऱ्यांसाठी वेगळा गट आहे, मशिनरीच्या खर्चावर २५ टक्के, आणि बाकी गटांची मुदत काही महिन्यांची होती तशी याची नाही, दोन वर्षांची दिली. वर २०२६ च्या बजेटमध्ये सेमीकंडक्टर मिशन २.० जाहीर करताना पण मशीन आणि मटेरिअल देशातच करण्यावर जोर दिलाय. म्हणजे वारा आपल्या बाजूनं आहे, पण गुंतवणूक कोटीत दाखवावी लागते, त्यामुळं दोघं-तिघं मिळून एक कंपनी काढली तरच हे जमतं असं माझं मत.

बाकी सगळ्यांसाठी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना, जिल्हा उद्योग केंद्रातनं. यात तालुक्यांचे गट पाडलेत, ए पासून डी प्लसपर्यंत, मागास तालुक्याला जास्त. तेच मशीन मिरजेत टाकलं तर वेगळं आणि जतला टाकलं तर वेगळं मिळतं. मुद्रांक शुल्कात सूट, वीज शुल्क माफी, व्याजात सवलत, आणि राज्याच्या जीएसटीशी जोडलेला परतावा असा सगळा संच आहे, पण उत्पादन चालू झाल्यावर पात्रता प्रमाणपत्र, मग दर वर्षी क्लेम, मग बजेट आलं की वाटप. टक्का बघून जतला जाऊ नका बरं का, कुपवाडात हार्डनिंग, ग्राइंडिंग, टूल शार्पनिंग सगळं स्कूटरवर दहा मिनिटात होतं, तिथं रोज टेम्पो पळवण्यातच टक्का संपेल.

नवीनच सुरू करणाऱ्याला पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीणमध्ये २५, महिला आणि इतर राखीव गटांना २५ आणि ३५. शेड महापालिकेत येतंय की ग्रामपंचायतीत यावर दहा टक्के हलतात, ४० लाखांच्या प्रकल्पात कुपवाड शहरात ६ लाख आणि बुधगावच्या हद्दीत १० लाख, त्यामुळं भाडेकरार करायच्या आधी कर पावती कुणाची आहे ती बघा. चालू युनिटला हे मिळत नाही, आणि "बायकोच्या नावावर दुसरं टाकतो" म्हणणाऱ्यांनी ऐका, नवरा-बायको मिळून एकच कुटुंब धरतात. आलेली सबसिडी तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून पडून राहते, मग कर्जात वळती होते. हातात रोख अशी येतच नाही! योजना त्या वर्षी चालू आहे का ते मात्र पोर्टलवर बघूनच पुढचा खर्च करा. तारण नसेल तर बँकेत सीजीटीएमएसईचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टचं, नाव काढा, एप्रिल २०२५ पासून हमीची मर्यादा १० कोटी झालीय, मॅनेजर स्वतःहून सांगेलच असं नाही.

आता फाइल. इथं माझे सहा लाख गेलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका प्रदर्शनात मला मशीन आवडलं, "आज बुक केलं तर एवढी सूट" म्हणाले, मी ॲडव्हान्स दिला, बिल पण काढून घेतलं. बँकेचं सँक्शन लेटर आलं आठ दिवसांनी. पुढं सबसिडीच्या टेबलावर साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोन तारखांवर पेन्सिलने गोल केला आणि फाइल माझ्याकडं सरकवली. एक शब्द बोलले नाहीत. योजना नवीन गुंतवणुकीला असते, मंजुरीच्या आधी घेतलेलं मशीन म्हणजे तुम्ही सबसिडीशिवाय पण घेतलंच असतं असा अर्थ निघतो, आणि खरं सांगायचं तर मी घेतलंच असतं की. तर क्रम असा ठेवा, आधी उद्यम नोंदणी (ती फुकट आहे, हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला हात जोडा), मग जागेचा कागद, मग प्रकल्प अहवाल, मग तीन क्वोटेशन, मग योजनेचा अर्ज, मग बँकेचं सँक्शन, आणि त्याच्यानंतरच ऑर्डर, बिल, पेमेंट. पेमेंट कर्जाच्या खात्यातनं सरळ मशीनवाल्याला, मधे मेहुण्याच्या खात्यातनं फिरवू नका, रोख तर बिलकुल नको. उद्यम, जीएसटी, पॅन, वीजबिल आणि भाडेकरार या पाचांवर फर्मचं नाव अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे, "इंजिनिअरिंग वर्क्स" आणि "इंजिनिअर्स" हे कागदावर दोन वेगळे धंदे आहेत.

दुसरी फाइल सुटली, पण इन्स्पेक्शनला घाम फुटला. साहेब मशीनच्या मागं गेले, नंबरची पट्टी शोधली, बिलावर शेवटचा आकडा ३ आणि पट्टीवर ८ दिसायला लागला. मशीन बसवताना आमच्याच पोराने स्टँड रंगवताना पट्टीवर ब्रश फिरवला होता. साहेबांनी खिशातनं नाणं काढून रंग खरवडला, तीन निघाला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही मशीन आलं की त्याच दिवशी पट्टीचा फोटो काढून ठेवा, ट्रकवरनं उतरताना पण एक काढा.

हिशोबाचं एक, सीएला आधीच विचारा. मशीनवर भांडवली सबसिडी मिळाली की तेवढी रक्कम मशीनच्या किमतीतनं वजा होते आणि घसारा उरलेल्यावरच मिळतो. त्यामुळं कागदावर दिसणारे १० लाख म्हणजे हातात १० लाख नसतात. मी प्रत्येकाला एकच परीक्षा सांगतो, सबसिडी तीन वर्षं उशिरा आली असं धरून हप्ता बसतोय का बघ, बसत नसेल तर मशीन लहान घे.

आणि सबसिडी मिळाली तरी ऑर्डर टिकवणं हे निराळंच काम आहे. पाहुणा पुण्यात चिपवाल्यांची मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदीला आहे, त्याच्या ओळखीनं ट्रायलला ॲल्युमिनिअमच्या सहा प्लेटी मिळाल्या. आम्ही माप एकदम मायक्रॉनमध्ये धरलं, सपाटपणा सरफेस प्लेटवर डायल लावून तीनदा बघितला, आणि मग सवयीप्रमाणं पेपरात गुंडाळून, सुतळी बांधून पाठवल्या. चौथ्या दिवशी फोटो आला, तिरक्या लाइटखाली प्लेटच्या मधोमध एक छान अंगठ्याचा ठसा आणि कोपऱ्यात पेपरातली उलटी अक्षरं. सहाच्या सहा परत. इंजिनिअर होऊन अंगठेबहाद्दर झालो म्हणून घरी अजून चिडवतात. माप चुकलं असतं तर समजू शकलो असतो, पण आपल्या धंद्यात स्वच्छता हे माप आहे हे कुणी शिकवलंच नव्हतं. हाताच्या घामातलं मीठ, तेलाचा थर, कापसाचा धागा, यातलं काही पण व्हॅक्युममध्ये गेलं की चिपवर बसतं, आणि चिपवरची रेघ धुळीच्या कणापेक्षा कितीतरी बारीक असते.

मग अर्ध्या शेडला पार्टिशन घातलं, फरशीला इपॉक्सी, अल्ट्रासॉनिक टाकी, नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, डबल बॅगा आणि हवा काढून सील करायचं मशीन. हा खर्च प्रकल्प अहवालात आधीच धरा, "धुण्याचं आणि पॅकिंगचं यंत्र" म्हणून क्वोटेशन जोडलं की तो पण पात्र मशिनरीत बसवून मागता येतो, मी नंतर केल्यामुळं खिशातनं गेला. झेड सर्टिफिकेट (छोट्या उद्योगांसाठीचं सरकारी गुणवत्तेचं) पण याच वेळी करून घ्या, सूक्ष्म उद्योगाला त्याच्या खर्चावर ८० टक्के सूट आहे, आणि पुण्याचा ऑडिटर आला की भिंतीवर काहीतरी दाखवायला होतं.

दुसऱ्या ट्रायलच्या सहा प्लेटी पास झाल्या, आता महिन्याला चाळीस जातात. फार नाही, पण पंपाच्या पार्टपेक्षा पीसमागं बरे सुटतात. पार्टिशनच्या दारावर ऑपरेटरनेच खडूनं लिहून ठेवलंय, "चप्पल, मोबाइल आणि तंबाखू बाहेर", आणि खाली एक खिळा मारलाय, पुड्या अडकवायला.